पाटीवरची कौसामावशी

मला चहा चालत नाही. एक घोट पोटात गेला की छातीत असा जाळ उठतो की संध्याकाळपर्यंत विझत नाही. आमचं घर केजला, गॅरेजच्या गल्लीत. अब्बा मेकॅनिक, भाऊ मेकॅनिक, घरात सारखी किटली चालू आणि मी एकटी ताकावर. हे आधीच सांगून टाकते. कारण कौसामावशीची गोष्ट कुणालाही सांगितली की समोरचा शेवटी डोळे वटारून विचारतोच, "मग नसीम, तूच का नाही घेतलास तिचा अर्धा चहा?" अहो, घेतला असता. पित्त ऐकत नाही त्याला मी काय करू!

मी तेव्हा एका डेअरीत होते. केजच्या बाहेर, रस्त्याला लागून. खासगी डेअरी, नाव सांगत नाही, सांगून काय करायचंय. टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरी लिहायच्या खोलीत, माझी खुर्ची आणि खुर्चीला लागून खिडकी. खिडकीतून पॅकिंगचा हॉल दिसायचा, हॉलच्या दारातला कडुलिंब दिसायचा, आणि लिंबाखाली सकाळ-दुपार चहाला बसणाऱ्या बाया दिसायच्या. कुणाचं कुणाशी पटतं, कुणाची सून कशी निघाली, कुणाचा नवरा पुन्हा प्यायला लागलाय, हे मला हजेरीच्या आधी कळायचं.

पॅकिंगच्या बायांचा एक रिवाज होता. चहाचा पूर्ण ग्लास एकटीनं प्यायचा नाही. एक ग्लास, दोघी. एकीनं ग्लासातून, दुसरीनं बशीतून. फार पूर्वी चहा ज्याच्या त्याच्या खर्चानं यायचा तेव्हा हे सुरू झालं असणार. पुढं चहा कंपनी पाजायला लागली तरी अर्ध्यात अर्धा करायचं काही सुटलं नाही. प्रत्येकीची जोडीण ठरलेली. नवी मुलगी कामावर लागली की पहिला प्रश्न गावाचा नाही, आडनावाचा नाही, "हिला अर्धा कोण देणार?" पूर्ण ग्लास प्यायचा तो पाहुण्यानं, नाहीतर साहेबानं. बायांचं ते बोलणंच होतं, "पूर्णाचं माणूस परकं."

कौसामावशीची जोडीण इंदूबाई. मावशी म्हणजे कौशल्या ओव्हाळ, युसूफ वडगावची. नवरा लवकर गेला, मुलगा चाकणला गाडी चालवतो, घरी ती एकटी. अंगानं बारीक, कपाळ मोठं, गालात कायम एक लवंग. ती बोलायची नाही. म्हणजे मुकी नव्हती, पण तिला बोलायची गरजच वाटायची नाही. "बरं हाय," एवढ्यात तिचं सगळं भागायचं. कुणाचं लग्न ठरलं, "बरं हाय!" कुणाच्या पोराला मार्क कमी पडले, "बरं हाय..." कुणी तिच्या तोंडावर खोटं बोललं, "बरं हाय." या तिसऱ्या 'बरं हाय'ला बाया टरकून असायच्या. इंदूबाई नेमकी उलटी. सारणी गावची, धिप्पाड, बोलायला लागली की मशीनचा आवाज कमी वाटायचा. एक बोलायची, एक ऐकायची, आणि मधे एक ग्लास.

एकदा इंदूबाईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, अंबाजोगाईच्या दवाखान्यात पडून होती. तेवढे दिवस मावशी काय करायची? ग्लास घ्यायची, आपला अर्धा प्यायची, उरलेल्या अर्ध्यावर बशी झाकून शेजारी ठेवायची. भोंगा झाला की तो अर्धा लिंबाच्या बुडाशी ओतायची आणि कामाला लागायची. बाया हसून लोळायच्या. "मावशी, लिंबाला साखर व्हईल की!" मावशीचं एकच, "त्यो इंदूचा हाय." इंदूबाई बरी होऊन आली, तिला हे कळलं, तर कमरेवर हात ठेवून सगळ्यांसमोर ओरडली, "बये, मी मेलेच न्हाई अजून, कावून पिंड ठिवायलीस माझा?" आणि ओरडता ओरडता पदर डोळ्याला. मावशी म्हणाली, "बशी आण. निवतंय."

तर आता ती पाटी.

वरून काही तरी नवीन कडक हुकूम आले होते. जिथं बाया कामाला आहेत तिथं समिती पाहिजे, समितीत बाया पाहिजेत, नावं दर्शनी भागात लावली पाहिजेत, तपासणीला माणूस येणार. आमचे मॅनेजर साहेब तसे सज्जन. आवाज चढवणार नाहीत, बाईमाणसाशी खाली बघून बोलतील. पण सज्जन माणसालाही झंझट नको असतेच. त्यांनी हॉलात येऊन विचारलं, "तुमच्यात सगळ्यात कमी कोण बोलतं?" सगळ्यांची बोटं एकाच बाईकडं गेली. साहेब खूश होऊन परत गेले. बाकीची नावं अशी टाकली की त्या माणसांनी डेअरीचं फाटकसुद्धा बघितलं नव्हतं.

पेंटर आला. मजकूर होता, 'कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती'. साहेबांनी कागद वाचला आणि त्यांचे कान लाल झाले. दूध घालायला रोज गावोगावची माणसं येतात, मालकाच्या घरची मंडळी येते, भिंतीवर हे काय दिसेल! ते पेंटरला म्हणाले, "मधले दोन शब्द गाळ. बरं दिसत नाही." पेंटरनं गाळले. मग पाटीवर ठळक निळ्या अक्षरांत उरलं, 'कामाच्या ठिकाणी महिलांच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती', आणि खाली, 'श्रीमती कौशल्या ओव्हाळ'. लाजेपायी दोन शब्द गाळले आणि डेअरीतल्या बायांची सगळी दुनिया त्या पाटीत शिरली. आहे की नाही कमाल!

मावशी सातवीपर्यंत शिकलेली. तिनं पाटी वाचली, पुन्हा वाचली, मग माझ्या खिडकीशी आली.

"नसीम, ह्ये माझंच नाव हाय का?"

"तुमचंच की मावशी."

"श्रीमती लिवलंय."

"मग काय लिवतील?"

तिनं मान वळवून पुन्हा पाटीकडं बघितलं. मग म्हणाली, "घरावर नवऱ्याचं नाव हाय, मीटरवर सासऱ्याचं. माझं कुठं लिवलेलं न्हवतं बग आजवर." एवढं लांब वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

त्या दिवसापासून कामावर आली की आधी पदरानं पाटी पुसायची, मग हात धुऊन, टोपी घालून मशीनवर जायची. आणि दर सोमवारी जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन लिंबाखाली न बसता पाटीखाली बसायची. म्हटलं, हे काय? तर म्हणे, कुणाला तक्रार करायची असली तर सापडायला नको का माणूस? बायांना आयती करमणूक झाली. एकजण गेली, "मावशी, माझा नवरा लई घोरतो, घ्या तक्रार." मावशीनं घास खाली ठेवला, शांतपणे विचारलं, "हितं येऊन घोरतो का घरी?" "घरी." "मग माझ्याकडं न्हाई." इंदूबाई हसून हसून खोकायला लागली. मी इकडं खिडकीत हसून बेजार. ते दिवस असे होते.

मग सारिका आली पाटीखाली. सारिका म्हणजे लाईनवरची एक तरुण पोरगी, ठेकेदाराकडून लागलेली. पोट दिसायला लागलं तसं ती अॅप्रन सैल बांधायला लागली होती, पण पाचवा महिना अॅप्रनखाली किती लपणार? ठेकेदाराच्या माणसानं सांगितलं, उद्यापासून येऊ नको. यात नवीन काहीच नव्हतं. डेअरीत तसंच चालायचं. पोट दिसलं की बाई घरी, लेकरू रांगायला लागलं की पुन्हा हातापाया पडून नव्यानं कामाला, नव्या माणसासारखी. कुणाला त्याचं वाईटही वाटायचं नाही, पाऊसपाण्यासारखं ते होतं. सारिकाचा नवरा मात्र तेव्हाच पाय मोडून घरी बसलेला. ती रडत मावशीपुढं बसली. मावशीनं तिला आधी भाकरी खायला लावली. मग डबा बांधला, हात धुतले आणि सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेली. केबिन माझ्या भिंतीपलीकडं. भिंत प्लायवूडची, त्यामुळं मला कान लावायचे कष्ट पडले नाहीत.

"मावशी, ही समिती त्या कामासाठी नाही."

"मंग कोणत्या?"

साहेब घुटमळले. "म्हणजे... पुरुषानं बाईला काही... तसलं."

"तसलं पाटीवर कुठं हाय?"

"लिहिलं नाही हो. पण अर्थ तोच."

"साहेब, मला मनातलं वाचता येत न्हाई. पाटीवर लिवलंय, महिलांच्या तक्रारी. सारिका महिला हाय. तिची तक्रार हाय."

"ती आपली माणूस नाही, ठेकेदाराची आहे."

"पिशवी तुमच्या नावाची भरती ना?"

साहेबांची खुर्ची करकरली. मग मावशीचा आवाज आला, अगदी साधा, "न्हाई तर मंग पाटी उतरवा. माझं नाव खोटं टांगू नका भिंतीला."

पाटी उतरवणार कशी? तपासणी तोंडावर. साहेब म्हणाले बघतो. मावशी म्हणाली, "बरं हाय." तो तिसरा 'बरं हाय' होता, मी भिंतीपलीकडून ओळखला.

दोन दिवस वाट बघून ती बीडला निघाली. तिला कचेऱ्यांचं काही माहीत नाही म्हणून रजा टाकून मीही गेले. एसटीत ती खिडकीशी बसली, मांजरसुंब्यापर्यंत एक शब्द नाही. बीडला रिक्षावाल्यानं भलत्याच कचेरीसमोर सोडलं, तिथून विचारत विचारत कामगार खात्याच्या कचेरीत पोचलो. अधिकारी एक तरुण बाई निघाली. तिनं सगळं ऐकून घेतलं, आणि मला ती आवडली, कारण तिनं आम्हाला बसायला सांगितलं. म्हणाली, तुमच्या समितीला हा अधिकार नाही, ते तुमचे साहेब बरोबर बोलले. पण पोटुशी आहे म्हणून बाईला काढता येत नाही, ठेकेदाराची असली तरीही. तिला पगारी रजा द्यावी लागते. हा वेगळा कायदा आहे आणि तो मी बघते. मग पेन खाली ठेवून म्हणाली, "मावशी, कळवणाऱ्याचं नाव मी बाहेर येऊ देणार नाही. गुप्त ठेवते."

मावशी म्हणाली, "गुप्त कावून? नाव पाटीवर हाय माझं."

"तुम्हाला त्रास होऊ शकतो."

"मी चोरी केली का?"

त्या बाईनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "मावशी, राहू द्या ना गुप्त, काय बिघडतंय?" तर माझ्यावरच डाफरली, "नाव लपवून सांगायचं तर पाटी कशाला पुसते मी रोज?" अधिकारी बाईनं नाव लिहून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "तक्रार केली म्हणून तुम्हाला कामावरून काढता येणार नाही. कुणी तसं केलं तर लगेच या."

नोटीस आली. सारिका कामावर आली, पुढं सहा महिन्यांची पगारी रजा घेऊन घरी गेली. आमच्या डेअरीत असं पहिल्यांदा घडलं. त्या दिवशी लिंबाखाली पेढे वाटले. इंदूबाईनं मावशीला दोन्ही हातांनी हलवून सोडलं, "अगं मुके, कुठं ठिवलं व्हतंस एवढं तोंड?"

साहेब मावशीला एका शब्दानं बोलले नाहीत. काढणं दूरच, मशीनसुद्धा बदललं नाही. त्यांनी फक्त ठेकेदाराला सांगितलं की यापुढं नवी नवरी, तरणी बाई लाईनवर घ्यायची नाही. चाळिशीच्या पुढची घ्या, नाहीतर पोरं घ्या. हेही कायद्यात बसत नाही, असं ती अधिकारी बाई नंतर म्हणाली. पण जिला घेतलंच नाही तिची तक्रार करणार कोण, आणि कुठल्या पाटीखाली बसून?

आता इंदूबाईचं ऐका. तिच्या थोरल्या पोराची सोयरीक ठरली होती. मुलगी चांगली, घर चांगलं, आणि इंदूबाईनं शब्द दिला होता की लग्न झालं की सुनेला डेअरीत लावते. त्या शब्दावरच तर जमलं होतं. नवा हुकूम निघाला, तो मुलीकडं पोचला, आणि सोयरीक मोडली. पोराचं वय वाढत चाललेलं. इंदूबाईच्या तोंडचं पाणी पळालं. ती एकटीच नाही, आणखी कुणाची भाची, कुणाची लेक, कुणाची जाऊ, सगळ्या फाटकाबाहेर राहिल्या. आणि प्रत्येकीला कारण माहीत होतं. नाव कुणी लपवलं नव्हतंच.

सोयरीक मोडल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा आला. मी खिडकीत होते. मावशीनं ग्लास घेतला, बशी पुढं केली. इंदूबाईनं बशीकडं बघितलंसुद्धा नाही, पलीकडच्या जोडीत जाऊन तिसरी बसली. कुणी भांडलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. इंदूबाई भांडली असती तर मी अल्लाचे आभार मानले असते. ती गप्प झाली, हेच वाईट होतं. मावशी बशी धरून थोडा वेळ बसली. मग तिनं उरलेला अर्धा झाकून ठेवला आणि भोंग्याला लिंबाच्या बुडाशी ओतला. यावेळी कुणी हसलं नाही.

असं रोज चाललं. एक-दोघींच्या मनात असेलही, पण इंदूबाईला दुखवून मावशीला अर्धा द्यायचा कुणी? सारिका रजेवरून परत आली, तीही दुसऱ्याच जोडीत बसली. त्याआधी तिच्या लेकराच्या बारशाला सगळा हॉल गेला होता, मावशीला बोलावणं नव्हतं. मावशीनं माझ्याजवळ कुंची दिली, स्वतः शिवलेली, पिवळ्या काठाची. मी तिथं सारिकाला कोपऱ्यात घेऊन चांगली झाडली. ती रडायला लागली. "आपा, मला हितंच पोट भरायचंय." मग मलाच कसंतरी झालं, आणि मी लेकराच्या डोक्यावर कुंची बांधून घरी आले.

मी दुपारी लिंबाखाली जाऊन मावशीजवळ बसायचे. ताकाची बाटली घेऊन. पण ताक आणि चहा यांची जोडी होत नाही हो. मी एकदा हट्टानं तिचा अर्धा प्यायलेही. दोन घोट. तासाभरात टाइम ऑफिसच्या बाथरूममध्ये उभी. मावशी पाठ चोळत म्हणाली, "सोड नाद. तुला त्रास कावून?"

एकदा अधिकारी बाई डेअरी बघायला आली. हॉलात सगळ्यांना उभं केलं, साहेब शेजारी. सगळ्यांसमोर मावशीला विचारलं, "तक्रारीनंतर तुम्हाला इथं कुणी त्रास देतं का? घाबरू नका. देत असेल तर सांगा, मी आत्ता लिहून घेते."

इंदूबाई मशीनला टेकून खाली बघत उभी. मावशीनं सगळ्यांवरून नजर फिरवली. इंदूबाईवर थोडी थांबली. म्हणाली, "न्हाई बाई. कुणाचा काय तरास न्हाई."

"नक्की?"

"बरं हाय सगळं."

माझं डोकं फिरलं. बाई गेल्यावर मी लिंबाखाली जाऊन तिला धरलं. "कावून बोलला न्हाई तुमी? तोंडाला कुलूप लावलं व्हतं का?"

"काय सांगू? चा देत न्हाईत म्हून?" मावशी लवंग इकडची तिकडं करत म्हणाली. "मंग पोलिसानं येऊन अर्धा चा द्यायचा का मला? त्या लेकराच्या कायद्यात चाचं कलम न्हाई गं. आन् इंदूचं नाव लिवून दिऊ व्हय मी? तिचं काय चुकलं? पोरगं बसलंय तिचं बिनलग्नाचं."

मग ती बशीवर बोट फिरवत हळूच म्हणाली, "माझ्या आईला गावच्या हाटेलात कप येगळा व्हता. बाहेर खुंटीला टांगलेला. ती सांगायची, चा गोड असायचा पर गिळवत न्हवता. मी हितं लागले तवा इंदूनं पयल्याच दिवशी माझ्या ग्लासातला अर्धा वतून घेतला. जात इचारली न्हाई. घरी गेले तर रडले मी, म्हणलं आई, बग गं. आन् आता हे. जातीनं न्हाई, तक्रारीनं. पर ग्लास येगळाच की." तिनं डोळे पुसले नाहीत, ते ओले झालेच नव्हते. माझेच झाले. साहेबांना, इंदूबाईला, दोन शब्द गाळणाऱ्या त्या पेंटरला, सगळ्यांना मी मनातल्या मनात उभ्या आडव्या शिव्या घातल्या.

पाटी मात्र ती पुसत राहिली. सोमवारी पाटीखाली बसत राहिली. कुणी यायचं नाही. कधी कधी वाटायचं जाऊन ती पाटी हातोड्यानं फोडावी.

पुढं अंगठ्याचं मशीन आलं आणि टाइम ऑफिस बंद झालं. माझी नोकरी गेली, त्याच सुमाराला मावशीही रिटायर झाली. निरोपाला शाल, नारळ, आणि साहेबांचं भाषण. "कौशल्याबाई अत्यंत मितभाषी." टाळ्या. इंदूबाई त्या दिवशी रजेवर होती. मग कळलं, बाहेरच्या कुठल्या मोठ्या गिऱ्हाइकानं माल घ्यायच्या आधी कागदपत्रं मागितली, बायांना काय काय देता ते दाखवा म्हणून. कंपनीनं तरण्या बाया पुन्हा घ्यायला सुरुवात केली, पगारी रजा रीतसर केली. नवी पाटी आली, छापील, चकचकीत, गाळलेले दोन्ही शब्द त्यात बिनलाजेनं होते. जुन्या नावांतलं एकही नाव नव्हतं.

मावशी मला शेवटची भेटली ती परवा, केजच्या स्टँडवर. ती दवाखान्यातून वडगावला निघालेली, मी बहिणीला नुकतीच गाडीत बसवलेली. बरीच वाळली होती. बस यायला वेळ होता. स्टँडच्या हॉटेलात बसलो. पोऱ्याला म्हणाली, "एक चा. दोन बशा आण." चहा आला. तिनं एका बशीत अर्धा ओतला, मग माझ्याकडं बघून स्वतःशीच हसली. "इसरलेच की मी. तुझं पित्त."

समोरच्या बाकड्यावर एक तरुण बाई बसली होती, मांडीवर चार-पाच महिन्यांचं लेकरू. डोस द्यायला आणलं होतं म्हणे. लेकरू मावशीच्या पदराला हात घालत होतं. मावशीनं बशी तिच्याकडं सरकवली. "घे माय. निवून जाईल."

"राहू द्या की मावशी, मी सांगते माझा."

"पूर्ण कशाला? अर्धाच बरा असतो."

पोरगी हसली. "हाव, आमच्यात बी तसंच हाय. डेअरीत. पॅकिंगच्या बाया पूर्ण पीतच न्हाईत."

मावशीचा हात थांबला. "डेअरीत असतीस?"

"हाव. आता रजा हाय, सहा महिने. पगारी!" ती कौतुकानं म्हणाली. "लई चांगली कंपनी हाय आमची. आधीपासूनच देतेत म्हणं."

मी तोंड उघडलं. उघडणार नाही तर काय! पण बाकाखालून मावशीनं माझा गुडघा असा दाबला की वळ उठला असेल.

"बरं हाय," ती म्हणाली. "घरी कोण असतं लेकराला?"

"आत्या असत्यात, सासूबाई. त्या बी तिथंच व्हत्या पॅकिंगला. आता गुडघ्यानं बसल्यात. सारणीच्या इंदूबाई म्हणलं तर सगळे वळखतेत." पोरगी बशी फुंकत होती, तिला आमच्या दोघींची तोंडं दिसली नाहीत. "पर त्यांची एक तऱ्हाच हाय. चा केला की अर्धाच पित्यात. उरलेला बशीनं झाकून ठिवत्यात, कुणाला हात लावू देत न्हाईत. मी म्हणते आत्या, गरम करून देते, तर अंगावर येत्यात. सांजच्याला मोरीत वतून देत्यात. रोजचं हाय."

स्टँडवर गाड्यांचा कालवा होता. मावशी त्या लेकराच्या मुठीतून पदर सोडवत होती, पण सोडवत नव्हतीही. मग कंडक्टरनं वडगाव, वडगाव म्हणून आरोळी दिली. ती उठली, पिशवी घेतली. लेकराच्या गालाला बोट लावलं.

"काय नाव सांगू आत्यांना?" पोरीनं विचारलं. "कोण भेटलं व्हतं म्हणू?"

मावशीनं पिशवी खांद्याला लावली. बस धुरळा करत होती, मी म्हटलं, चला. ती म्हणाली, "कौसा म्हण. चा घेतला म्हणावं."

ती खिडकीशी बसली, समोर बघत. गाडी फाटकातून वळेपर्यंत तिनं मान फिरवली नाही. मी परत बाकड्याशी पिशवी घ्यायला आले. पोरगी लेकराला घेऊन निघून गेली होती, तिची बशी चाटूनपुसून रिकामी. शेजारी मावशीचा ग्लास होता. त्यातला तिचा अर्धा तसाच, आणि त्यावर दुसरी बशी झाकलेली.

पोऱ्या फडकं घेऊन आला, ग्लास उचलायला लागला.

"राहू दे रे जरा," मी म्हटलं.